टेन्सचं वर्कबुक, सात महिने वापरल्यानंतर

सगळं त्या 'हॅड'मुळे झालं. ऑफिसमधून एका क्लायंटला मेल टाकला, 'आय हॅड सेंट द फाइल यस्टरडे', आणि तिकडून दोनच शब्द आले, 'अँड देन?' मला वाटलं बाई खडूस आहे. घरी मुलीला दाखवलं तर ती हसत सुटली, म्हणे आई, हॅड लिहिलंस की समोरचा वाट बघत बसतो ना पुढे काय झालं याची. आपल्या मराठीत 'मी काल फाइल पाठवली होती' म्हटलं की विषय संपला, इंग्रजीत मात्र भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी काहीतरी झालं असेल तेव्हा हॅड लागतो, नाहीतर साधं 'सेंट'. हे कळायला मला एक्केचाळीस वर्षं लागली!

मग फोर्टात हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवरून टेन्सचं एक जुनं वर्कबुक उचललं, १८० रुपये. आधीच्या मालकाने अर्धी उत्तरं पेन्सिलने भरलेली, ती खोडण्यातच दोन संध्याकाळी गेल्या (आणि त्यातली बरीच चूक होती, तेवढाच धीर आला). सात महिने ठाणे ते सीएसएमटी हाच माझा क्लास, घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या की बसायला मिळायचं आणि मग पेन बाहेर.

आधी तक्रार. पुस्तक उघडल्या उघडल्या बारा टेन्सचा बारा खणांचा रंगीत तक्ता. मी मराठी मीडियमची, इंग्रजी पाचवीपासून, हा तक्ता तेव्हाच पाढ्यासारखा पाठ केलेला आणि उपयोग शून्य. खरी गोष्ट पुस्तकात पार मधे कुठेतरी बारीक अक्षरात आहे, की इंग्रजी क्रियापद स्वतः बदलतं ते फक्त वर्तमान आणि भूतकाळासाठी, भविष्यकाळाचं वेगळं रूपच नाही, तिथे विल किंवा गोइंग टू जोडून काम भागवतात, बाकीचे खण हॅव, बी आणि आयएनजी जोडून झालेले. 'गो'ची रूपं पाचच, गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. 'पुट'ची तर तीनच. एकटं 'बी' आठ रूपं घेऊन बसलंय. हे पहिल्या पानावर असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

तिसऱ्या रूपाचं (गो, वेंट, गॉन मधलं गॉन) कोडं तर पुस्तकाने सोडवलंच नाही, ते सुटलं कुर्ल्याला. गाडी उभी, अनाउन्समेंट चालू, 'द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड'. वीस वर्षं ऐकतेय आणि कायम वाटायचं की कॉज्ड म्हणजे भूतकाळ, मग पुढे इज कसा काय? त्या दिवशी डोक्यात ट्यूब पेटली, कॉज्ड म्हणजे आपलं 'झालेली', झालेली गैरसोय! विशेषणासारखं लावलंय. केलेलं, लिहिलेलं, तुटलेलं, म्हणजे डन, रिटन, ब्रोकन. गाडी अर्धा तास लेट होती पण मी खूश.

तेव्हापासून वहीत दोन रकाने केले, एकीकडे मी मराठीत काय बोलते, दुसरीकडे इंग्रजीत काय होतं. मजा अशी की गोंधळ तक्त्यात कुठेच नव्हता, मराठीच मला ओढत होती. फोनवर 'आलेच दोन मिनिटांत' म्हणतो, रूप भूतकाळाचं आणि अजून घरातून निघालेलोही नसतो. 'पाऊस पडला तर' मधेही भूतकाळाचंच रूप, इंग्रजीत तिथे 'इफ इट रेन्स', साधा वर्तमान, आणि मी इतकी वर्षं 'इफ इट विल रेन' लिहीत होते. 'मी त्याला काल पाहिलंय' मराठीत चालतं, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' नाही चालत, यस्टरडे आला की हॅव बाहेर. आणि सगळ्यात जास्त वेळा केलेली चूक, 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स', कारण 'सहा वर्षं काम करतेय'. तिथे 'हॅव बीन वर्किंग फॉर सिक्स इयर्स', सिन्स लावायचा तर पुढे २०१९ वगैरे, म्हणजे कुठून सुरू झालं ते.

उच्चाराच्या बाबतीत पुस्तक साफ नापास. वर्क्डच्या शेवटी 'ट', प्लेडला 'ड', वॉन्टेडला 'इड', हे कुठेच सांगितलेलं नाही, मी महिनाभर 'वर्केड' म्हणत होते. अनियमित क्रियापदांची यादी एबीसीडीप्रमाणे, मी ती फाडून घराणी लावली, सिंग-सँग-संग बरोबर ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, कट-कट-कट बरोबर हिट आणि पुट. लाय (आडवं पडणं) आणि ले (ठेवणं) अजूनही मला एकच वाटतात, सोडून दिलंय.

आता मेल लिहिताना हात आपोआप थांबतो, हॅड तर जवळजवळ गेलाच. बोलताना मात्र घाईत 'डिडन्ट वेंट' निघतंच, मुलगी किचनमधून ओरडते, 'आई, गो!' आणि मी खरंच कुठे जायचंय का बघते.

घ्यायचं असेल तर जुनं घ्या, पण शेवटची उत्तरांची पानं आहेत का ते तिथेच उघडून बघा. माझ्यात नव्हती.