जेक्वेरी १.१२.४ : सात महिने, हळदीची पोती आणि माऊस

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाला गोदामाचा नकाशा करून दिलाय. एक लॉट म्हणजे एक चौकोन. हळदीची पोती हलली की दिवाणजींनी चौकोन माऊसनं ओढून नव्या थप्पीवर ठेवायचा. काट्याजवळच्या मशिनवर अजून विंडोज एक्सपी, म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोरर ८ या ब्राउझरच्या पुढं जायची सोय नाही. वरच्या केबिनमध्ये क्रोम, मालकांच्या मुलाकडं फायरफॉक्स. ब्राउझरांमधले फरक झाकणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी म्हणजे जेक्वेरी; तिनं २०१३ मध्ये २.० पासून जुन्या एक्स्प्लोररचा नाद सोडला, म्हणून १.१२.४ घेतली.

बटणांचा घोळ तिनं मिटवला. एक्स्प्लोरर ८ डाव्या बटणाला १ म्हणतो, मधल्याला ४. बाकीचे ० आणि १. उजवं मात्र सगळीकडं २, आणि मी नेमकं तेच तपासून निर्धास्त होतो! कुठलं बटण दाबलं ते सांगणारं जेक्वेरीचं 'व्हिच' सगळीकडं १, २, ३ देतं. माऊस पानावर कुठं आहे ते सांगणारं 'पेजएक्स' त्या एक्स्प्लोररात मुळात नाहीच, तेही ती काढून देते.

खरा ताप पुढंच होता. "ओ साहेब, लॉट चिकटलाय बघा माऊसला, सोडंनाच!" दिवाणजींचा फोन, तोही ऐन सौद्यांच्या वेळी. 'माऊसमूव्ह' (माऊस हलल्याचा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरची खबर) मी चौकोनाऐवजी डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर, बांधला होता, तरी हे. दुपारी करून बघितलं तर काही नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं : उजवीकडची दराची आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) फक्त सौदे सुरू असतानाच उघडते. बटण तिच्यावर सुटलं की 'माऊसअप' (बटण सुटल्याची खबर) तिच्या डॉक्युमेंटला जातो, माझ्या पानाला पत्ताच नाही. यात जेक्वेरीचा दोष नाही, पण ती वाचवतही नाही.

ओढताना फ्रेमवर एक डिव्ह (पानावरचा रिकामा चौकोनी थर) पसरला. क्रोममध्ये चाललं, एक्स्प्लोररात नाही. तिथं रिकाम्या पारदर्शक डिव्हमधून माऊस आरपार जातो. पांढरा रंग भरून ओपॅसिटी (अपारदर्शकता) शून्य केली, मग थांबला. त्या जुन्या ब्राउझरला ओपॅसिटीही कळत नाही, त्याऐवजी त्याचा स्वतःचा 'फिल्टर' लागतो. तो जेक्वेरीनं परस्पर लावला.

टॅबलेटवर मात्र ओढणं जमलंच नाही. बोट फिरवलं की माऊसचे इव्हेंट येत नाहीत, पान सरकतं. तिथं पॉइंटर इव्हेंट (माऊस आणि बोट दोन्हींना चालणारे) वेगळे लिहिले आणि बोटानं पान सरकू नये म्हणून चौकोनाला 'टच-ॲक्शन नन' दिलं.

जेक्वेरीच्या ३.५ मधल्या सुरक्षा दुरुस्त्या या आवृत्तीत नाहीत, म्हणून हे पान दुकानाच्या नेटवर्कबाहेर जाऊ दिलेलं नाही. काट्याचं मशिन दिवाळीनंतर बदलू, असं मालक म्हणतात. कुठल्या दिवाळीनंतर, ते विचारलं नाही.