मायक्रोडायकॉम: लेकीचा मेंदूचा एमआरआय घरच्या लॅपटॉपवर उघडताना

डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि रिपोर्टात भलतीच ओळ आली: ‘लेफ्ट मिडल क्रेनियल फोसा, अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट, १८ बाय १४ मिमी’. म्हणजे कवटीच्या डाव्या मधल्या खळग्यात पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पिशवी. न्यूरॉलॉजिस्टची वेळ आठ दिवसांनंतरची. मधल्या दिवसांत आईवडील हटकून सीडी उघडायला बसतात. त्यासाठी विंडोजवर चालणारं, खासगी वापराला फुकट असलेलं मायक्रोडायकॉम हे स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. फक्त त्याच्याकडून निदानाची अपेक्षा ठेवू नका.

आधी एक गोष्ट. लेक सज्ञान असेल तर सीडी तिची आहे. तिला विचारून उघडा, जमलं तर तिलाच शेजारी बसवून.

आजच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून सेंटरकडे पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि ‘डायकॉम डेटा द्या’ असं स्पष्ट सांगा. डायकॉम म्हणजे स्कॅनच्या मूळ प्रतिमांचा ठरावीक फॉरमॅट. नुसतं ‘फोटो द्या’ म्हटलं की जेपीजी हातात पडतात. सीडी असेल तर अख्खी कॉपी करा. बरेच जण DICOMDIR नावाची एकच फाइल उचलतात, आणि मग काहीच उघडत नाही. ती नुसती अनुक्रमणिका असते. खऱ्या प्रतिमा शेजारच्या फोल्डरमध्ये, बहुतेकदा एक्स्टेन्शन नसलेल्या नावांनी पडलेल्या असतात. DICOMDIR उघडलं नाही तर प्रोग्रॅमला तो फोल्डर शोधायला सांगा, काम होतं.

डावीकडच्या यादीत पेशंट, त्याखाली तपासणी, त्याखाली सीरिज (एकाच पद्धतीने काढलेल्या कापांचे संच) दिसतात. सीरिजवर क्लिक करून माउसचं चाक फिरवलं की एकेक काप सरकतो. हे फार सुरेख जमलंय, जुन्या लॅपटॉपवरही अडकत नाही. अंतर मोजायची पट्टी आहे, उजेड-गडदपणा बदलता येतो.

पहिली घाबरगुंडी उडते ती डाव्या-उजव्याची. रिपोर्ट म्हणतो डावीकडे आणि पडद्यावर गाठ दिसते उजवीकडे! रिपोर्ट चुकलेला नसतो. पेशंट आपल्यासमोर तोंड करून असल्यासारखी प्रतिमा मांडतात. कडेला R आणि L ही अक्षरं असतात, ती बघा.

सिस्टच्या बाबतीत तीन सीरिज शेजारी लावून बघण्यासारख्या आहेत: टी-टू, फ्लेअर आणि डिफ्युजन, म्हणजे एमआरआय काढायच्या तीन वेगवेगळ्या पद्धती. मेंदूभोवतीच्या पाण्यासारखीच ती टी-टू वर पांढरी, फ्लेअरवर काळी दिसते, आणि डिफ्युजनवर चमकत नाही. रेडिओलॉजिस्ट याच जोरावर तिला अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट म्हणतो. एपिडर्मॉइड (त्वचेसारख्या पेशींची, वेगळ्या प्रकारची गाठ) असती तर डिफ्युजनवर चमकली असती. हे डोळ्यांनी दिसलं की डॉक्टरांचं बोलणं निम्मं आधीच कळतं. पण उलट दिशेने जाऊ नका. फ्लेअरवर मेंदूच्या बुंध्याजवळ पांढुरकं काही दिसलं तर बऱ्याचदा ते वाहत्या पाण्यामुळे उमटलेलं असतं. टी-टू वरचे बारीक पांढरे ठिपके रक्तवाहिन्यांभोवतीच्या नेहमीच्या पोकळ्याही असू शकतात. घरच्या घरी ‘नव्या गाठी’ सापडतात त्या अशाच.

मोजपट्टीवरही भिस्त नको. काप ५ मिमी जाडीचे असतील तर कडा नेमकी कुठे आली यावर आकडा हलतो. दोन स्कॅनमध्ये १८ आणि १९ मिमी आलं म्हणजे वाढ झाली असं नव्हे. तुलना करायची तर दोन्ही वेळच्या सारख्याच सीरिजची करा.

अशा आगंतुक गोष्टी दुर्मीळ नाहीत. २००९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, १६ अभ्यास एकत्र करणाऱ्या पाहणीत लक्षणं नसलेल्या लोकांच्या दर ३७ स्कॅनमागे एक सापडली होती. आपल्याकडे त्यात जुन्या न्यूरोसिस्टिसर्कोसिसच्या (मेंदूतल्या फीतकृमीच्या अळ्यांच्या संसर्गाच्या) चुना साठलेल्या गाठीही येतात; त्या एमआरआयच्या साध्या सीरिजमध्ये सुटू शकतात, सीटीवर ठळक दिसतात.

दुसरं मत घ्यायचं तर जेपीजी किंवा फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. त्यात उजेड-गडदपणा गोठून जातो, मग वाचणाऱ्यालाही अंदाजच बांधावा लागतो. अख्खा डायकॉम फोल्डर झिप करून द्या. नाव पुसण्याची सोय मायक्रोडायकॉममध्ये आहे, पण पुसलेली प्रत ओळखीच्या माणसाला दाखवण्यापुरती. डॉक्टरांना मूळच द्या, नाहीतर पुढचा स्कॅन कोणाशी ताडून बघायचा हा घोळ होतो. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा, कारण दोन वर्षांनी सेंटरकडे ती मिळेलच असं नाही.

प्रोग्रॅमच्या मेनूत मराठी नाही आणि बटणांची गर्दी फार, ही माझी तक्रार. तरी आपलं काम चोख करतो. बघताना शंका आली तर वहीत ‘सीरिज ५, काप १२’ असं लिहून ठेवा. न्यूरॉलॉजिस्टसमोर नेमक्या त्याच कापावर बोट ठेवता येतं.