गांडूळखताची गोणी आणि अंगणातली हिरवळ

गंगापूर रोडवरील एका रोपवाटिकेतून जूनमध्ये ४० किलो गांडूळखत आणि ५ किलो निंबोळी पेंड आणली. खत चहाच्या भुकटीसारखे मोकळे व मातीच्या वासाचे होते. मात्र गोणीच्या तळाशी काचेचे २ तुकडे सापडले, त्यामुळे ते चाळूनच वापरावे, आणि विक्रेत्यानेही याकडे लक्ष द्यायला हवे.

आमच्या काळ्या मातीत पाणी साचून हिरवळ (बर्म्युडा म्हणून विकली जाणारी आपली हरळीच) पिवळी पडत असे. बागकामाच्या काट्याने बोटभर खोल भोके पाडून, खतात जाड वाळू मिसळून ते खराट्याने पसरल्यावर पाणी मुरू लागले आणि महिन्याभरात पेरापेरातून नवी पाती फुटली. युरियाने गवत लवकर हिरवे होते, परंतु कापणीही वाढते. पेंडीचा उग्र वास दोन दिवस राहतो. पुढची गोणी मी येथूनच घेईन.