शतावरी घ्यावी की अशोक?

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानात मामी दोन पुड्या हातात धरून उभ्या. "दोन्ही बायकांचीच औषधं ना गं? मग एकच घेते." तसं नाही हो, मामी.

शतावरी म्हणजे मुळं. पांढरट, बोटाएवढी, सोलून वाळवलेली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून दुधातून देतात. बाजारातल्या शतावरी कल्पात, म्हणजे दुधात घालायच्या तयार दाणेदार पुडीत, साखर बरीच असते. मधुमेह असेल तर साधं चूर्ण बरं.

अशोकाचं काम निराळं. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर आयुर्वेदात त्याची साल देतात. गोम अशी की, इंदूरच्या बंगल्यांपुढे सरळसोट उभा असतो तो अशोक औषधाचा नव्हेच, तो आसुपालव. खरा सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. साल वाळली की आपल्याला फरक कळत नाही, आणि भेसळ नेमकी तिथेच होते. म्हणून सुटी साल मी घेत नाही. अशोकारिष्ट, म्हणजे सालीचं तयार पातळ औषध, सोयीचं, पण ते आंबवलेलं, त्यात मद्यार्क असतो. गरोदर बाईला नकोच.

मामींचं वय ५१, आणि सहा महिने अंगावरून जातंय हे त्यांनी तिथे, काउंटरशी सांगितलं! दोन्ही पुड्या परत ठेवल्या. आधी सोनोग्राफी.