पडलेली एलिव्हेशन टाइल परत लावताना: सिमेंट-रेती की अ‍ॅडहेसिव्ह?

नागपुरात पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवरच्या एलिव्हेशन (दर्शनी) टाइल आधी सुटतात. मे महिन्यात ४५ अंशांत तापलेली भिंत पहिल्या सरीने एकदम थंड होते. टाइल आणि मसाला (सिमेंट-रेतीचं मिश्रण) सारखे आकसत नाहीत. त्यात व्हिट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाइलची पाठ पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून सिमेंटची पकड मुळातच कमी.

मागचं काँक्रीट फुगलं असेल, तर पर्याय कोणताही निवडा, आधी ते काम. पोकळ वाजणारा भाग काढून गंजलेल्या सळईच्या मागेही बोट जाईल इतकं मोकळं करा, वायर ब्रशने गंज घासा, झिंक प्रायमर लावा. मग एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रव), पाणी आणि सिमेंट १:१:३ अशी स्लरी, म्हणजे पातळ घोळ, लावा. ती ओली असतानाच मसाला भरायचा: १० किलो सिमेंट, ३० किलो चाळलेली कन्हान नदीची रेती, दीड ते दोन लिटर लॅटेक्स. एका थरात १० ते १२ मिमीच; जाड थर स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. सात दिवस तराई.

आता टाइल. सिमेंट-रेती स्वस्त पडते, मिस्त्रीच्या हातातली आहे आणि भिंतीचा उंचसखलपणा झाकते. पण तिला १२ ते १५ मिमी जागा लागते, आणि माझ्या लेखी सगळं इथेच अडतं. टाइल बहुधा पाठीपासून सुटते, जुना मसाला भिंतीलाच राहतो. तेवढी जागा करायची म्हणजे छन्नी-हातोडा आला, आणि त्या ठोक्यांनी शेजारच्या धड टाइलही पोकळ होतात. माझ्या भिंतीवर एक लावायला गेलो, तर भोवतालच्या तीन वाजू लागल्या. जागा न करता लावली, तर टाइल ओळीबाहेर येते.

अ‍ॅडहेसिव्हला, म्हणजे पाण्यात कालवायच्या तयार चिकट पुडीला, ३-४ मिमी पुरतात. जुना मसाला घट्ट असेल, तर ग्राइंडरच्या कप व्हीलने तेवढंच घासायचं, हातोडा लागत नाही. पिशवीवर आयएस १५४७७ (टाइल अ‍ॅडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप ३ (बाहेरच्या भिंतींसाठीचा) पाहून घ्या. टाइप १ आतल्या सिरॅमिकसाठी असतो. २० किलोला साधारण ५ लिटर पाणी, तरी पिशवीवरचा आकडाच पाळा. भिंतीवर दातेरी थापीने आणि टाइलच्या पाठीवरही पातळ थर द्या. मिस्त्री चार कोपऱ्यांत गोळे लावू लागला तर थांबवा. मधल्या पोकळीत पावसाचं पाणी साचतं. उन्हात थरावर लवकर साय धरते, मग टाइल चिकटल्यासारखी वाटते पण पकडत नाही. म्हणून भिंतीवर सावली असतानाच, एका वेळी दोन-तीन टाइलपुरतंच पसरवा. जमलं तर काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या.

पैसे जास्त जातात, हे खरं. जुना मसालाही पोकळ वाजत असेल तर तो काढावाच लागतो, तेव्हा सिमेंटला नाही म्हणवत नाही. तरी मी तो खड्डा लॅटेक्सच्या मसाल्याने भरून वर अ‍ॅडहेसिव्हच लावेन. जड दगडी पट्ट्या उंचावर असतील, तर दोन्हींच्या जोडीला स्टीलची क्लॅम्प हवीच.