चादर आता भिंतीवर, खिडकीवर

सोलापुरातल्या एका दुकानातलं घरसजावटीच्या कापडांचं हे नवं कलेक्शन थेट भौगोलिक मानांकनवाल्या (GI) सोलापुरी जॅकार्ड, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवलेल्या, चादरीवरून उचललंय: मोरपंख, चौकडी, लाल-काळा, निळा-पिवळा. रंग भडक आहेत, पण जमलेत. दुहेरी विणीमुळे मागच्या बाजूला तीच नक्षी रंग पालटून दिसते. म्हणून खिडकीपेक्षा दोन खोल्यांमधल्या पडद्याला हे कापड जास्त शोभतं. वजन मात्र भरपूर. दांडी जाड घ्या, मध्ये आधार द्या, नाहीतर ती वाकणार. सुती कापड आटतं, तेव्हा ७ फुटी पडद्यामागे ४-५ इंच जास्त घ्या आणि धुऊन मगच शिवा. लाल रंग सुटू शकतो, पहिल्यांदा वेगळं भिजवा. उशांचे अभ्रे फसलेत. कापलेल्या कडांचे सुटे धागे चेनमध्ये अडकतात. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या, नंदीध्वजांवरून (उंच सजवलेल्या काठ्यांवरून) घेतलेले उभे पट्टे? एका भिंतीपुरतेच बरे.