सात दिवसांचा क्रॅश डाएट की तीन महिन्यांची सावकाश घट?

दिवसाला १,८०० कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीने फक्त ८०० घेतल्या, तर आठवड्याची तूट ७,००० होते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे चरबी किलोभरही उतरत नाही. मग काटा तीन किलो कमी का दाखवतो? यकृत आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी जातं. पुन्हा भात-पोळी सुरू झाली की हे पाणी दोन-चार दिवसांत परत येतं. प्रथिनं कमी पडली तर स्नायूही झिजतात. उपासमार लांबली तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नका.

सावकाश मार्गात तूट रोज साडेचारशेची. चहातली चार चमचे साखर (८०), फोडणीतलं एक मोठा चमचा तेल (१२०), मूठभर फरसाण (१५०) वगळायचं, वर अर्धा तास भरभर चालायचं. जेवणात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ हवीच. बारा आठवड्यांत चार-पाच किलो उतरतात, आणि ती बहुतांशी चरबी असते. आम्ही हाच मार्ग सुचवतो.